मदत हवी आहे: भिलवडी स्टेशन ते औदुंबर, नदीकाठानं चालत

मंडळी, मिरज-पुणे मार्गावरच्या भिलवडी स्टेशनला उतरून औदुंबरच्या दत्त देवस्थानला पायी जायचा विचार आहे. निघणार सांगलीहून, सकाळच्या पॅसेंजरनं, डिसेंबरात आणि शक्यतो रविवार सोडून. गाडी सोबत नाही, त्यामुळे 'बाईक काढा की' हा सल्ला कृपया नको!

स्टेशन ते भिलवडी गाव डांबरी रस्ता आहे, त्याची अडचण नाही. फक्त त्या दिवसांत कारखाने सुरू असतात आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर जवळून गेले की माणसाला गटारीतच उतरावं लागतं. म्हणून गावापासून पुढं रस्ता सोडून कृष्णेच्या काठानं जायचंय. मोबाईलच्या नकाशावर उसातून पाणंदी दिसतात, पण उपग्रहाच्या चित्रात त्या मध्येच मळीत, म्हणजे काठाच्या गाळाच्या रानात, गडप होतात. ओळखीच्या दोघांना विचारलं. एक म्हणतो वाट आहे, दुसरा म्हणतो पुरानं काठ तुटल्यापासून नाही. देवस्थानला कायम गाडीनं जाणाऱ्यांना याचा पत्ता नसतोच.

सोबत आई असेल, वय बासष्ट. सपाटीला ती माझ्यापेक्षा जोरात चालते, पण निसरडा उतार नको. परतीची पॅसेंजर संध्याकाळची धरायची आहे.

तेव्हा त्या भागातल्या कुणी सांगावं: भिलवडीच्या बाजूनं भुवनेश्वरी देवळापर्यंत काठानं सलग जाता येतं का, आणि तिथून पलीकडं औदुंबरच्या घाटावर न्यायला आडवारीही नाव मिळते, की पुलावरून अंकलखोपमार्गेच वळसा घालावा लागतो?