न्यू जर्सी: शाळेचा बॉयलर बिलाच्या बचतीतून? 'ईसिप'चा अनुभव असलेलं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी,

आम्ही सेंट्रल जर्सीत असतो, लेक सातवीत आहे. तिच्या शाळेची इमारत साठच्या दशकातली. फेब्रुवारीत शाळेत गेलो तर बाहेर बर्फ आणि वर्गाच्या खिडक्या सताड उघड्या! बाई म्हणाल्या, रेडिएटर एकदा तापला की दुसरा इलाजच नाही. म्हणजे गॅस जाळायचा आणि ऊब पार्किंगमध्ये सोडायची.

तेव्हापासून डिस्ट्रिक्टच्या इमारत समितीवर बसतोय (हौस!). नेहमीच्या बजेटात हे काम बसत नाही. काही अपवाद सोडले तर प्रॉपर्टी टॅक्सची वसुली वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. बाँड काढायचा तर मतदान आलं. म्हणून स्कूल बोर्डाचा कल ईसिपकडे (एनर्जी सेव्हिंग्ज इम्प्रूव्हमेंट प्रोग्रॅम) आहे. न्यू जर्सीच्या २००९च्या कायद्यातली सोय: काम आधी करून घ्यायचं आणि हप्ते वाचलेल्या वीज-गॅसच्या बिलातून साधारण १५ वर्षांत फेडायचे. लीजवर केलं तर मतदानही नको.

हे काम करू पाहणारी कंपनी म्हणते, एका डॉलरचाही बोजा नाही. एलईडीचे पैसे लवकर सुटतात, बॉयलरचे सुटता सुटत नाहीत, म्हणून दोन्ही एकाच गाठोड्यात बांधलेत. ते मला पटतं. नुसते दिवे बदलून मोकळे झालो तर बॉयलरला पुन्हा कोण पैसे देणार? खटकतो तो त्यांचा बचतीचा तक्ता. वर्गातले दिवे वर्षाला ४,००० तास चालू धरलेत. शाळा १८० दिवस, रोज १२ तास धरले तरी २,१६० होतात! शिवाय देखभालीचे वाचलेले तासही बचतीत मोजलेत. आमचा कस्टोडियन काय अर्ध्या पगारावर येणार आहे?

त्यात सोलरची घाई. २०२२च्या कायद्यामुळे शाळांनाही ३० टक्क्यांपर्यंत रक्कम केंद्राकडून थेट मिळू शकते, पण २०२५च्या बदलानंतर ४ जुलै २०२६पर्यंत काम सुरू व्हायला हवं, नाहीतर २०२७अखेर पॅनेल चालू झालेली हवीत. हीच तारीख दाखवून आमच्याकडून सही मागताहेत.

तुमच्यापैकी कुणी स्कूल बोर्डावर आहे का, किंवा एनर्जी ऑडिटचं काम करतं का? बचतीच्या आराखड्याची त्रयस्थाकडून पडताळणी बंधनकारक आहे, पण तो त्रयस्थ दिव्यांचे तास खरंच तपासतो की फक्त बेरीज? आणि बचतीच्या हमीसाठी दरवर्षी वेगळी फी मागतात, ती कुणी भरली का? बचत कमी पडली म्हणून हमीचे पैसे कधी हातात पडले?

बैठक पुढच्या मंगळवारी आहे. तक्ता हवा असेल तर व्यनि करा, नावं खोडून पाठवतो.