सेकंडरीला जवळची शाळा मिळाली नाही, अपील करावं का?

निशिगंध:
आम्ही लंडनमध्ये हॅरोला राहतो. १ मार्चला सेकंडरीच्या जागांचा इमेल आला आणि लेकीला पहिल्या पसंतीची शाळा मिळाली नाही. घरापासून चालत अठरा मिनिटं. इयर सेव्हनला, म्हणजे सेकंडरीच्या पहिल्या वर्षाला, जागा २१०, अर्ज कितीतरी जास्त, त्यात आधी काउन्सिलच्या केअरमधली (आईवडिलांऐवजी काउन्सिल सांभाळते ती) मुलं, मग भावंडं, मग सरळ रेषेतलं अंतर, आणि ते अंतर आमच्या दोन गल्ल्या अलीकडे संपलं. मिळालेल्या शाळेला दोन बस. मला अपील करायचंय, नवरा म्हणतो मिळालंय ते घे आणि पोरीची तयारी कर. माझं म्हणणं एवढंच की अपील हा हक्क आहे आणि आपली माणसं उगाच कशाला कोणाच्या डोळ्यावर या म्हणून गप्प बसतात. तुम्हाला काय वाटतं?

कडुनिंब:
नवऱ्याचं ऐका असं मी स्पष्ट सांगेन. आम्ही थोरल्याच्या वेळी केलं होतं. मार्च ते जून घरात दुसरा विषय नाही, पोरगा दप्तर टाकायच्या आधी विचारायचा, आई पत्र आलं का. मिळालेल्या शाळेच्या नवीन मुलांच्या कार्यक्रमाला आम्ही गेलो नाही, युनिफॉर्म घेतला नाही, म्हणजे ती शाळा वाईट हे त्याच्या मनात आम्हीच भरवलं. जूनमध्ये नकार आला, सप्टेंबरात तिथेच गेला आणि दिवाळीपर्यंत रोज सकाळी पोट दुखायचं त्याचं. आज इयर टेनला आहे, छान रमलाय, ते महिने मात्र फुकट गेले. आणि अपिलावर दहा मुलं वाढली की वर्ग ३० चा ३२ होतो, मग आपणच म्हणतो की टीचरचं लक्ष नाही.

स्लाउकर:
मला वेगळंच खटकतं. अपिलात चांगलं बोलता येणाऱ्याचं फावतं. आमच्या रस्त्यावर एक कुटुंब आहे, वडील रात्रपाळीला वेअरहाउसमध्ये, आईला इंग्रजी येत नाही. त्यांच्या पोराला लांबची शाळा मिळाली, ते बिचारे गपगुमान घेऊन बसले. तुम्हीआम्ही पंधरा पानं टाइप करून पुढे जाणार हे न्यायाचं नाही वाटत मला.

पॅनलवाली:
मी चार वर्षं अपील पॅनलवर स्वयंसेवक होते म्हणून लिहिते, केसेस सांगणार नाही, त्या गोपनीय असतात. स्लाउकर दादा, तुमचा मुद्दा खरा आहे, पण त्याला उपाय त्या शेजाऱ्यांना सांगणं हा आहे. अपिलाला पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही, सोबत कोणाला नेता येतं, दुभाषाही मागता येतो. तुम्हीच जा ना त्यांच्याबरोबर.

पॅनलवर किमान तीन जण, शाळेशी संबंध नसलेले. आधी शाळा सांगते की आणखी एक मूल घेतलं तर काय अडचण होईल, नियम बरोबर लावले का तेही आम्ही बघतो. मग पालकांचं ऐकायचं आणि दोन्ही तोलायचं. मुलाचं नुकसान शाळेच्या अडचणीपेक्षा मोठं दिसलं तर जागा द्यायची, आणि ते शाळेवर बंधनकारक असतं. कडुनिंब ताई, ३० ची कायद्याची मर्यादा रिसेप्शन ते इयर टू, म्हणजे शाळेची पहिली तीन वर्षं, एवढीच आहे, सेकंडरीला नाही, म्हणून इथे थोडा वाव असतो. थोडाच, सुनावणी झालेल्या सेकंडरीच्या अपिलांत साधारण पाचात एक मान्य होतं.

रिझल्ट, ऑफस्टेडचा (शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेचा) रिपोर्ट, मैत्रिणी तिकडे जातायत, यावर पानं भरू नका. याच मुलीला हीच शाळा का, तेवढं सांगा. निशिगंध, तुमच्याकडे असं काही आहे का?

निशिगंध:
आहे. तिला डाव्या कानाने खूप कमी ऐकू येतं, मशीन आहे. बस कुठून येतेय ते कळायला पूर्ण मान फिरवते, डायनिंग हॉलच्या गोंगाटात नुसती हो हो करते आणि घरी येऊन सांगते की आज कोणाचं काहीच कळलं नाही. आमच्या पसंतीच्या शाळेत कमी ऐकू येणाऱ्या मुलांसाठी युनिट आहे, त्यासाठी शिकलेले टीचर रोज असतात. मिळालेल्या शाळेत टर्ममधून एकदा बाहेरून येतात.

पॅनलवाली:
हे अर्जात लिहिलं होतं का? मेडिकल कारणाचा रकाना असतो बऱ्याच ठिकाणी.

निशिगंध:
नाही लिहिलं. पोरीच्या जातीला कशाला जगजाहीर करायचं असं सासूबाई म्हणाल्या आणि मीही मान हलवली. सकाळपासून तेच डोक्यात आहे.

कडुनिंब:
मग माझं मत बदललं. आमच्याकडे असं कारण नव्हतं, आम्हाला फक्त नाव हवं होतं शाळेचं. तुम्ही करा अपील. फक्त मिळालेली जागा आत्ता स्वीकारून टाका आणि तिला ती शाळा दाखवून आणा.

पॅनलवाली:
हो, जागा स्वीकारल्याने अपिलाला धक्का लागत नाही, आणि वेटिंग लिस्टवर नाव ठेवा, ती निदान ३१ डिसेंबरपर्यंत चालवावी लागते. अपिलाला नकार कळल्यापासून शाळेचे किमान २० दिवस मिळतात. ऑडिऑलॉजीचं (कान तपासणाऱ्या विभागाचं) आणि तिला शिकवणाऱ्या टीचरचं पत्र आजच मागा, यायला वेळ लागतो.

स्लाउकर:
मी शेजाऱ्यांकडे जातो संध्याकाळी. पण ताई, मुलीला विचारलंत का? अकरा वर्षांची आहे, कानाचं लिहिणार म्हणजे तिचं सांगणार तुम्ही.

निशिगंध:
आत्ताच विचारलं. म्हणाली लिही, पण मी वाचल्याशिवाय पाठवू नकोस.