नादियाला सांगायला काय झालं होतं?

खडूस_वाचक
परवा इथे ज्यूल व्हर्नच्या 'मायकेल स्ट्रोगॉफ' या कादंबरीवर कौतुकाचा लेख आला. झारचं पत्र घेऊन सायबेरियातल्या इर्कुत्स्कला निघालेल्या नायकाचं आंधळेपणाचं सोंग म्हणजे म्हणे 'साहसकथेतली सर्वांत देखणी फसवणूक'. तिथे प्रतिसाद लिहायला बसलो, तो इतका लांबला की वेगळा धागाच काढतोय. पुस्तक वाचायचं असेल त्यांनी इथूनच मागे फिरा.

गद्दार ओगारेफला फसवलं, ठीक. तार्तारांच्या फिओफर खानाला फसवलं, उत्तम. तोम्स्कला तार्तारांनी आंधळं करायला डोळ्यांसमोरून तापलेली तलवार फिरवली, तरी दृष्टी शाबूत राहिली आणि पठ्ठ्याने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही, तिथवर मी त्याच्याच बाजूचा. ओगारेफ झारचं पत्र 'वाच आता' म्हणत त्याच्यापुढे धरतो आणि हा खरंच वाचून घेतो, तो प्रसंग तर झकासच. पण प्रवासात सोबत झालेली नादिया? ती पोरगी त्याचा हात धरून इर्कुत्स्कपर्यंत चालते, उपाशी, पाय सोलवटलेले. आणि याला सगळं दिसतंय! आईच्या मात्र तोम्स्कलाच कानात सांगून मोकळा. नादिया विश्वासाच्या लायकीची नव्हती का?

भोचक_भवानी
'इर्कुत्स्कपर्यंत चालते' काय? मधली मोठी वाट, रस्त्यात भेटलेल्या निकोलसच्या गाडीत बसून गेले. पुस्तक परत वाचा.

आणि नादिया काही भोळी बाहुली नाही. निझनी नोव्हगोरोदपासून ती त्याची बहीण म्हणून वावरते, ते कुठे खरं होतं? कोर्पानोफ हे नाव घेऊन फिरणारा हा व्यापारी बनावट आहे असा वास तिलाही आला असणार, तरी ती एका शब्दाने विचारत नाही. तो झारचा दूत आहे. ओम्स्कला सख्ख्या आईला ओळख दाखवली नाही त्याने! आई तोम्स्कला मागे राहिली, नादिया सोबत होती. पुढे तार्तारांनी दोघांना पुन्हा पकडलं, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जरा काही उमटलं असतं तर खेळ खलास.

खडूस_वाचक
गाडीचं मान्य, टाळ्या घ्या. पण गाडीतून उतरल्यावर काय? तार्तार नाहीत, चिटपाखरू नाही, पोरगी दमून कोसळते, तो तिला उचलून घेतो आणि तरीही सोंग चालूच. तिथे कोण बघत होतं?

भट्टीवाला
नादिया राहू द्या बाजूला. मुळात डोळे वाचलेच कसे? व्हर्न सांगतो, आईकडे बघताना डोळे भरून आले, त्या आसवांची वाफ पात्याच्या आणि बुबुळांच्या मध्ये आली. पुराव्याला ओतकाम करणाऱ्याचं उदाहरण देतो, हात पाण्यात बुडवून वितळलेल्या धातूत घालणाऱ्याचं. मी फाउंड्रीत आयुष्य काढलंय. ओल्या हाताची करामत खरी आहे, डोळ्यांनी पाहिली आहे. पण ती निमिषभराची, आणि हाताला कातडी असते! डोळ्याला काय आहे?

अर्धा_प्राध्यापक
लायडेनफ्रॉस्ट या जर्मन डॉक्टरने १७५६ मध्येच हे लिहून ठेवलंय. खूप तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब लगेच उडून जात नाही, खालच्या वाफेच्या थरावर नाचत राहतो. व्हर्नने हवेतून काढलेलं नाही.

भट्टीवाला
तव्यावरचा थेंब तव्याला टेकलेला असतो साहेब. इथे पातं डोळ्यांसमोरून फिरवलंय, लावलेलं नाही. लाल-पांढऱ्या लोखंडाची धग समोरून अंगावर येते, ती वाफेचा पापुद्रा काय अडवणार? भट्टीचं दार उघडलं की चार हातांवरून भुवया करपतात. एकदा चष्म्याशिवाय वेल्डिंग बघत बसलो, रात्रभर डोळ्यांत कुणी वाळू भरल्यासारखं. आसवं धो-धो वाहत होती, काडीचा उपयोग झाला नाही.

अर्धा_प्राध्यापक
वेल्डिंगचा त्रास अतिनील किरणांचा. तापल्या तलवारीतून येतात ते मुख्यतः अवरक्त, म्हणजे उष्णतेचे. दोन्हींची खिचडी करू नका. आणि आसवं वाळू टोचायला लागल्यावर आली, आधी नाही.

भट्टीवाला
बरं, अवरक्त. काच फुगवणाऱ्या कारागिरांना मोतीबिंदू त्यानेच व्हायचा ना?

अर्धा_प्राध्यापक
वर्षानुवर्षं भट्टीसमोर बसून! एका फटक्यात नाही. म्हणजे मुद्दा माझ्याच बाजूने गेला, आभार.

सावली
वाफ झाली, अवरक्त झालं. आता जरा माणसाचं बोलू का? माझ्या वडिलांची नजर काचबिंदूने गेली. चहाचा कप हातात दिला की आधी ते कडेवरून बोट फिरवतात, चहा कुठवर आहे ते बघायला. आपण त्यांचा हात धरून ओढायचं नसतं, ते आपलं कोपर धरतात आणि अर्धं पाऊल मागे चालतात. आणि आवाज झाला की डोळे वळत नाहीत, कान वळतो. अचानक पक्षी उडाला, वाटेत दगड आला, तर डोळस माणसाची बुबुळं हलतातच. नादिया दिवसरात्र शेजारी होती आणि तिला कळलं नाही? मला एका तासात कळलं असतं. व्हर्नने आंधळेपण नाटकातल्या मिशीसारखं चिकटवलंय.

भोचक_भवानी
सावली, वडिलांबद्दल आदर आहे, पण हे १८७६ चं साहसपुस्तक आहे, नेत्रविभाग नाही. आणि नाटकाचं म्हणाल तर चारच वर्षांत पॅरिसच्या रंगभूमीवर ते आलंच.

सावली
साहसपुस्तक म्हटलं की सगळं माफ, वा!

खडूस_वाचक
सावलीने जे लिहिलं ते माझ्याच मुद्द्याला लागून आहे, भट्टी पेटली म्हणून कुणी बघितलं नाही. मी व्हर्नवर चिडलोय तो इथे. इर्कुत्स्कला ओगारेफशी झुंज होते, नायकाला दिसतंय हे उघड होतं. मग खुलासा कुणाला? वाचकाला, पानभर, वाफेसकट. नादियाला एक 'का?' विचारायलाही जागा नाही. पुढचं पाऊल थेट लग्न.

भोचक_भवानी
तिला राग आला नसेल. सगळ्याच बायका तुमच्यासारखं दोन दिवस धुमसत नाहीत.

खडूस_वाचक
आला नसेल तर तेच लिहायचं होतं. 'मला माहीत होतं' एवढं एक वाक्य तिच्या तोंडी घातलं असतं, तर हा धागा निघालाच नसता.

भोचक_भवानी
हं. ते वाक्य चाललं असतं. पण तेवढंच!

भट्टीवाला
झालं का तुमचं लग्नाचं? प्राध्यापक, पातं टेकलेलं नसताना लायडेनफ्रॉस्ट कसा लागू होतो, याचं उत्तर अजून आलेलं नाही.