बोक्याच्या पोटावरचे केस गळून कातडी चकचकीत झाली आहे, मदत हवी आहे

आमचा गुंड्या, वय १३. दीड महिन्यापूर्वी पोटावरचे केस विरळ दिसायला लागले. म्हातारा झालाय, चाटत बसतो, म्हणून मीच कानाडोळा केला. आता पोट आणि मांड्यांची आतली बाजू साफ उघडी पडली आहे. जखम नाही, पुरळ नाही. कातडी तेल लावून पुसल्यासारखी चकाकते. काल मांडीवर घेतला तर कडेचे केस पुंजक्यांनी हातात आले, त्याला कळलंसुद्धा नाही. पंजांच्या गाद्या कोरड्या पडल्यात. वजन ५.१ वरून ३.८ किलो. बांगड्याच्या वासाने ओट्यावर उडी मारणारा प्राणी आता वाटी हुंगून निघून जातो.

पहिल्या डॉक्टरांनी गजकर्ण समजून तीन आठवडे औषध दिलं. कल्चरमध्ये बुरशी निघाली नाही, पिसवाही नाहीत. दुसऱ्या डॉक्टर म्हणाल्या, हे पॅरानिओप्लास्टिक अलोपेशिया, म्हणजे शरीरात आत कुठेतरी असलेल्या कॅन्सरमुळे केस गळणं, असू शकतं. स्वादुपिंडात किंवा पित्तनलिकेत कॅन्सर आहे का बघावं लागेल. सोनोग्राफी आणि कातडीची बायोप्सी सांगितली आहे. आधी काय करू? भूल सोसेल का त्याला?

प्रतिसाद १
आधी सोनोग्राफी. भूल सहसा लागत नाही, आणि पोट भादरायचं कामही उरलेलं नाही (माफ करा). यकृत नीट बघायला सांगा, हा कॅन्सर बऱ्याचदा तिथे पसरलेला असतो. छातीचा एक्स-रेही काढा. लहान गाठ सोनोग्राफीत निसटते, त्यामुळे रिपोर्ट चांगला आला तरी निश्चिंत होऊ नका. बायोप्सी जागा बधिर करून, थोडी गुंगी देऊन होऊ शकते. खोटी आशा देत नाही: गाठ काढल्यावर केस परत आल्याची नोंद आहे, पण कॅन्सर पुन्हा उद्भवल्यावर ते परत गळले.

प्रतिसाद २
आमच्या मनीला छातीत थायमोमा (थायमस ग्रंथीची गाठ) होता. तिच्या डोक्यावर, कानांवर कोंड्याचे मोठे पापुद्रे सुटायचे. ऑपरेशननंतर कातडी सुधारली. गुंड्याला कोंडा आहे का?

धागाकर्ती
कोंडा अजिबात नाही. शनिवारची सोनोग्राफी ठरली, एक्स-रेही त्याच दिवशी. बायोप्सीचं नंतर बघू. आठ तास उपाशी ठेवा म्हणालेत. आधीच खात नाही, त्याला आणखी काय उपाशी ठेवणार!