जुलूमशाही आणि हुकूमशाही, नक्की फरक काय?

ऐरोलीकर
नमस्कार मंडळी, सकाळच्या ठाणे-वाशी लोकलला आमचा ग्रुप असतो त्यात काल जाम वाद झाला. एकाच्या सोसायटीत भाडेकरूंचे पार्किंग स्टिकर काढून घेतलेत, क्लब हाऊस बंद केलंय, तर एक म्हणाला ही हुकूमशाही, दुसरा म्हणाला हा जुलूम, तिसरा म्हणे दोन्ही एकच. मला काही ते पटलं नाही. पेपरात पण जुलमी राजवट, हुकूमशाही, सर्वंकष सत्ता असं सगळं एकाच अर्थाने छापतात. पोरगी अकरावीला पोलिटिकल सायन्स घेऊन बसलीय, तिलाही नीट सांगायचंय. जाणकारांनी प्लीज सांगा.

पाचपाखाडी_वाचक
एकच नाही हो. सत्ता कोणाच्या हातात आहे आणि त्याला आवरणारं कोणी आहे का, हे बघून आपण हुकूमशाही म्हणतो. जुलूमशाही म्हणताना बघायचं की ती सत्ता कोणासाठी आणि कशी वापरली जाते. रोममध्ये डिक्टेटर हे रीतसर पद होतं, संकट आलं की नेमायचे, मुदत जास्तीत जास्त सहा महिने. सिनसिनाटसची गोष्ट सांगतात ना, इ.स.पू. ४५८ मध्ये त्याला शेतावरून बोलावून आणलं, लढाई जिंकली आणि पंधरा-सोळा दिवसांत पद सोडून गडी परत शेतावर. सगळी सत्ता एकट्याकडे, तरी त्याला जुलमी कोणी म्हणत नाही. पुढे सीझर इ.स.पू. ४४ मध्ये तहहयात डिक्टेटर झाला, म्हणजे मुदतच गेली, आणि खरी गोम तिथेच आहे.

ग्रीकांचं वेगळंच. त्यांच्याकडे टायरंट म्हणजे कायदा बाजूला सारून गादी बळकावलेला माणूस, मग तो वागायला चांगला का असेना. अथेन्सचा पिसिस्ट्रॅटस असाच, पण गरीब शेतकऱ्यांना कर्ज द्यायचा, लोक त्याच्यावर खूशही होते. त्याचा मुलगा हिप्पियास मात्र इ.स.पू. ५१४ मध्ये भावाचा खून झाल्यावर सगळ्यांवर संशय घ्यायला लागला, माणसं मारायला लागला, शेवटी ५१० मध्ये त्याला हाकलला. बापलेक दोघेही टायरंटच, पण आपण ज्याला जुलूम म्हणतो तो मुलाच्या काळातला. ॲरिस्टॉटलने मग कसोटी लावली की एकटा माणूस सगळ्यांच्या हितासाठी राज्य करतो ती राजेशाही, स्वतःच्या हितासाठी करतो ती जुलूमशाही.

बेलापूर_रहिवासी
हेच आपल्याकडचं उदाहरण घेऊन मुलीला सांगा, लगेच कळेल. शिवाजी महाराजांचा शब्द अखेरचा होता, निवडणूक वगैरे काही नव्हतं, पण चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना त्यांनी काय लिहिलंय बघा, की कुणब्यांकडून दाणे, गवत, भाजीपाला असं ओरबाडायला लागलात तर लोकांना वाटेल यांच्यापेक्षा मोगल बरे. हे वाचताना मला दरवेळी भरून येतं.

आणि उलटं बघायचं तर घाशीराम कोतवाल. राजा नाही, पेशवा नाही, नाना फडणवीसांच्या काळातला पुण्याचा कोतवाल. १७९१ मध्ये त्याच्या कोठडीत कोंडलेली माणसं गुदमरून मेली आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारला. जुलूम करायला गादी लागतेच असं नाही, हातात किल्ल्या असल्या तरी पुरे.

@ऐरोलीकर, ते स्टिकर चेअरमनने स्वतःच्या मनाने काढले की मीटिंगमध्ये ठराव केला?

ऐरोलीकर
ठराव केला, जनरल बॉडीत, हात वर करून. मालक जवळजवळ सगळे बाजूने. भाडेकरूंना मतच नाही.

बेलापूर_रहिवासी
मग हुकूमशाही म्हणता येणार नाही, सगळं बहुमताने झालंय. पण ज्यांना मत नाही त्यांच्यावरच बोजा टाकलाय, हा बहुमताचा जुलूम झाला. जॉन स्टुअर्ट मिल वगैरे विचारवंत मंडळींना लोकशाहीत हीच भीती वाटायची. मला तरी यात चेअरमनपेक्षा हात वर करणारे जास्त दोषी वाटतात.

कळवा_७५
सर्वंकष सत्ता राहिलीच की. साधा हुकूमशहा म्हणतो गप्प बसा, माझ्या आड येऊ नका. सर्वंकष सत्तेला तुमचं गप्प बसणंही चालत नाही, तुम्ही घोषणा द्यायलाच पाहिजे, घरात पोरांना काय शिकवता तेही तिलाच ठरवायचं असतं. जर्मनीत १९३९ पासून दहा वर्षांवरच्या मुलामुलींना हिटलरच्या युवक संघटनेत जाणं सक्तीचं होतं.

आणीबाणीचं पण सांगतो कारण तेव्हा मी कॉलेजात होतो. २५ जून १९७५ ला ती आली ती घटनेच्या कलम ३५२ ने, म्हणजे कागदावर सगळं कायदेशीर, पण मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली माणसं खटल्याशिवाय आत आणि सुप्रीम कोर्टानेही १९७६ मध्ये सांगितलं की आणीबाणी आहे तोवर अटकेविरुद्ध दाद मागता येणार नाही. कायदेशीर आहे म्हणजे जुलूम नाही असं जे मानतात त्यांनी हे नीट वाचावं ही कळकळीची विनंती. १९७७ च्या निवडणुकीत सरकार पडलं म्हणून तिला पूर्ण हुकूमशाही म्हणायचं की नाही यावर वाद घाला हवा तर, आत डांबलेल्यांसाठी तो जुलूमच होता. नंतर १९७८ ला ४४ वी घटनादुरुस्ती झाली, 'अंतर्गत अशांतता' हे कारण काढून 'सशस्त्र बंड' घातलं आणि जीविताचा व स्वातंत्र्याचा हक्क देणारं कलम २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असं केलं. मुलीला ही दुरुस्ती मूळ शब्दांत वाचायला द्या.