जळगावात एकच संध्याकाळ आहे, काय बघू काय खाऊ?

प्रश्न: शनिवारी आईबाबांसोबत अजिंठा बघून चारपर्यंत जळगावात पोचतोय, रात्री ट्रेन आहे. मधल्या वेळात काय करायचं सांगा ना, बाबांना तिखट झेपत नाही.

केळीबाग: भाऊ, जैन हिल्सवर गांधी तीर्थ, म्हणजे गांधीजींवरचं संग्रहालय आहे, २०१२ साली सुरू झालंय, पण ते घाईत उरकू नका, वेळ नसेल तर सरळ मेहरूण तलावावर जा, सूर्य बुडताना मस्त वारा असतो, आईबाबांना चालायलाही बरं.

असोद्याची लेक: भरीत खाल्ल्याशिवाय जाऊ नका हो! आमच्याकडे वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात, साल काळी कोळसा होईपर्यंत, मग हिरवी मिरची, लसूण घालून ठेचायची, वर कांद्याची पात, शेंगदाणे, आणि त्या धुराचा वास बोटांना रात्रभर राहतो. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेली. चांगली वांगी हिवाळ्यातच. बाबांसाठी मिरची कमी घालायला आधीच सांगा, शेवभाजी मात्र त्यांना देऊ नका, तर्री झणझणीत असते.

प्रश्नकर्ता: ताई, भरीत नक्की! आईला आत्ताच वाचून दाखवलं.