टर्कीची शिकार आणि घरातल्या गोष्टी: मुलांना पाठवावं का?

मिसुरीकर: एप्रिल आला की इथे अमेरिकेत, मिसुरी राज्यात, ऑफिसमधली निम्मी मंडळी टर्की या पक्ष्यावर बोलू लागतात. थँक्सगिव्हिंगच्या सणाला ताटात येते ती नव्हे, रानातली. अंधारात झाडाला पाठ टेकून बसायचं, उजाडताना वर फांदीवरचा नर ओरडला की लाकडी डबीवर पट्टी घासून मादीचा आवाज काढायचा. रानात एरवी मादीच नराकडे जाते. इथे त्याला उलटं बोलवायचं, म्हणून तो जवळ येऊन घुटमळतो आणि बऱ्याचदा परत फिरतो. आजोबा, मुलगा, नात एका ओळीत, न हलता. त्यांच्या घरांत गोष्टी टिकल्या त्या या बसण्यामुळे. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार थांबली, बरंच झालं. पण पोराला घेऊन रानात बसणंही त्याबरोबर गेलं. इथे कायद्याची आडकाठी नाही, तर शेजाऱ्याबरोबर मुलांना का पाठवू नये?

रानवाटा: कारण शेवटी बार काढायचाच असतो. बसायला दुर्बीणही चालते की!

छर्रा: दुर्बिणीवाल्यांनी टर्की वाचवली नाही. शंभरेक वर्षांपूर्वी कित्येक राज्यांतून ती नाहीशी झाली होती. पाळीव पैदास करून सोडलेले पक्षी रानात तगले नाहीत. मग तोफेसारखी उडणारी जाळी टाकून रानातलेच थवे पकडले आणि दुसरीकडे नेऊन सोडले. मिसुरीत १९६० साली शिकार पुन्हा सुरू झाली. आज देशात टर्की लाखोंनी आहेत. यातला मोठा पैसा १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याचा: शिकारी बंदुका-काडतुसांवर ११ टक्के कर.

रानवाटा: आणि आधी त्या संपवल्या कोणी? बंदुकीनेच, जोडीला कुऱ्हाड. शिवाय तो कर पिस्तुलांवरही आहे, १० टक्के. पिस्तूल घेणारा प्रत्येक जण काही रानात जात नाही. सगळं श्रेय शिकाऱ्याला कशाला?

आंबोळी: तुम्ही दोघं करावर भांडा. मला 'घरातल्या गोष्टी' या शब्दांवर बोलायचंय. कोकणात आमच्या आजोबांची ठासणीची बंदूक होती. हाकाऱ्यांनी डुक्कर कसं उठवलं, वाटे कसे पडले, सगळं रंगवून सांगायचे आणि डुक्कर दर गणपतीत वाढायचं. आजी आतून ओरडायची, "डुक्कर कसलं, पिल्लू होतं! एका कढईत मावलं." रात्री उशिरापर्यंत चुलीपुढे तीच बसलेली, म्हणून माप तिला ठाऊक. तिची गोष्ट मात्र कोणी पुन्हा सांगितली नाही. तुमच्या शेजाऱ्याकडे आजीला कोणी विचारतं का?

मिसुरीकर: त्याच्याकडे आजीच डबी वाजवते, नवऱ्यापेक्षा सरस. आणि त्या घरात सर्वांत जास्त सांगितला जातो तो एक म्हातारा नर, जो कधीच हाती लागला नाही.

रानवाटा: मग माझंच खरं. न मारलेल्या पक्ष्याचीच गोष्ट उरली.

छर्रा: अहो, मारायला गेले म्हणून तो निसटला! फोटो काढायला गेलेल्याच्या हातून काय निसटतं?

रानवाटा: एकदा खंड्याचा फोटो काढून बघा, मग बोलू.

आंबोळी: मिसुरीकर, पाठवणारच असाल तर मुलांना लाल, पांढरं, निळं काही घालू देऊ नका, मोजेसुद्धा. नराच्या डोक्याचे रंग तेच. झुडपाआड तेवढंच दिसलं की पलीकडचा एखादा उतावळा माणसावरच छर्रे झाडतो. आणि शेजाऱ्याबरोबर आधी त्यांच्या आईला बोलू द्या, तुम्ही नव्हे.